मास्तरनं दोरी सैल केली

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्याचा संबंध म्हणाल, तर दरवर्षी पास होता होता राहायचा, एवढाच. तो मास्तर आहे कुत्र्यांचा. गोदामं, कारखाने, पेट्रोल पंप, मोठ्या लोकांचे बंगले, जिथे म्हणून राखणीला कुत्रा लागतो तिथे त्याच्या हाताखालून गेलेला एखादा सापडेलच. मी त्याची थोरली बहीण. शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर मशीनवर मान मोडते आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाही, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. हे सगळं आत ठेवून मला चैन पडत नाही, म्हणून सांगते.

मास्तरचं घर गावाच्या टोकाला. पुढे दोन खोल्या, मागे तारेचं कुंपण घातलेलं आवार आणि पत्र्याखाली ओळीनं पिंजरे. फाटकातून आत पाय टाकला की फिनेल आणि ओल्या केसांचा वास नाकात बसतो तो घरी जाऊन अंघोळ केली तरी जात नाही. माझ्या भावजयीला तो वास येतच नाही. लग्न करून आली तेव्हा महिनाभर नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची, आता म्हणते, "कसला वास हो, ताई?" सवय म्हणजे काय असते बघा.

राखणीचा कुत्रा कसा घडतो हे मी मास्तरच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की दोन-चार मीही तयार करीन. पिल्लू अगदी लहान असताना ज्या घरी ते जाणार, त्या घरातल्या प्रत्येकाचा अंगावर वापरलेला कपडा मागवायचा. न धुतलेला. तो पिल्लाच्या अंथरुणात घालायचा. मग त्या माणसांनी येऊन आपापल्या हातानं खायला घालायचं. ही आपली माणसं, बाकीचे परके, हे शिकायचं एक वय असतं आणि ते निघून गेलं की गेलं. एखादं पिल्लू घरच्याच माणसाला दात दाखवायला लागलं तर ते राखणीतून बाद. तसली बाद पिल्लं मास्तर कुणा हौशी माणसाला पाळायला देऊन टाकायचा, नाहीतर स्वतःच ठेवून घ्यायचा. त्यामुळे त्याच्या आवारात कायम बिनकामाच्या कुत्र्यांची जत्रा. मी म्हणायचे, "अरे, हा काय अनाथाश्रम आहे?" तर म्हणायचा, "ताई, नापास झालो म्हणून मला कुणी मारून टाकलं का?"

आणि घरात नवा माणूस आला, सून आली, जावई आला, नवा चौकीदार ठेवला, की मास्तरला बोलावणं यायचंच. मोठा झालेला कुत्रा नव्या माणसाला सहजी घेत नाही. मग मास्तरची पद्धत अशी. आधी नव्या माणसाचा कपडा कुत्र्याच्या अंथरुणात. मग माणूस लांब उभा आणि कुत्रा आखूड दोरीवर. मग रोज वीतभर दोरी सैल. कुत्रा गुरगुरला की लगेच आवळायची, थोडे दिवस थांबायचं, पुन्हा वीतभर. असं करत करत एक दिवस दोरी काढून टाकायची आणि नव्या माणसानं कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवायचा. "गुरगुर म्हणजे त्याचं सांगणं असतं," मास्तर म्हणायचा. "ते जो ऐकतो त्याला कुत्रा कधी चावत नाही." आणि हात पुढे करून दाखवायचा. एवढं आयुष्य कुत्र्यांत गेलं, पण हातावर एक ओरखडा नाही. भारी मिजास होती त्या हातांची.

त्याच्या आवारात एक म्हातारी कुत्री होती, तिला सगळे आजी म्हणायचे. तीही अशीच बाद झालेली. दिवसभर आवाराच्या मधोमध पडून असायची. तरणी कुत्री उगाच कशावर तरी भुंकायला लागली की ती नुसती मान वर करून बघायची. बास. सगळे गप्प. मास्तर म्हणायचा, "माझ्यापेक्षा हिचा पगार जास्त पाहिजे."

असं सगळं बरं चाललं होतं आणि त्याचं तोंड सुजायला लागलं. सकाळी उठला की डोळे मिचमिचे, पायात बूट जाईना. लघवीला साबण कालवल्यासारखा फेस. भावजयीनं मला सांगितलं, मी त्याला सांगितलं, त्यानं आम्हा दोघींना वेड्यात काढलं. शेवटी आवारातच चक्कर येऊन पडला तेव्हा दवाखान्यात नेला.

तिथल्या किडनीच्या डॉक्टर बाई फार चांगल्या. तरुण, बारीक चणीच्या, कितीही रांग असली तरी समोरच्याला खुर्चीत बसवून बोलणाऱ्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्यात. तर त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मास्तर म्हणाला, "राखणीचे कुत्रे शिकवतो." बाईंचा चेहरा एकदम खुलला.

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगातही राखणीची कुत्री आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू घुसला की त्याच्यावर तुटून पडतात. त्या हाडांच्या आतल्या मगजात जन्मतात. त्यातल्या काही पुढे छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते तिथे शिकायला जातात. लहानपणी ती ग्रंथी चांगली मोठी असते, वय वाढेल तशी सुकत जाते. तिथे त्यांना आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवतात. जी पेशी आपल्याच शरीरावर दात दाखवते, ती तिथेच संपवतात."

"मारून टाकतात?" मास्तरनं विचारलं.

"बहुतेक सगळ्या मरतात. पास होऊन बाहेर पडतात त्या अगदी थोड्या."

मास्तरला ते आवडलं नाही. "मी आजवर एकही मारलं नाही," असं तो जरा तोऱ्यातच म्हणाला.

बाई हसल्या. "तरी काही चुकार पेशी सुटतातच. म्हणून त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या लढाईत पडत नाहीत, बाकीच्यांना शांत ठेवतात."

"आजी!" मास्तर ओरडला. बाई गोंधळल्या. मग मला आजीची सगळी हकीकत सांगावी लागली आणि बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. तर तुमच्या अंगातल्या आजीचं कुणी ऐकेनासं झालंय. तुमच्याच पेशी तुमच्या किडनीच्या गाळण्यांवर उलटल्यात. का उलटल्या, ते मला नक्की सांगता येणार नाही. खरं सांगायचं तर पुष्कळदा ते कुणालाच सांगता येत नाही."

औषधं झाली, पथ्यं झाली. काही उपयोग झाला नाही. दोन्ही किडन्या सुकून गेल्या. भावजय आपली द्यायला निघाली होती, पण तिचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. बाकीच्या तपासण्यांतही पूर्ण नाही, पण चालण्यासारखं जमलं. आमच्या ह्यांनी थोडा वेळ तोंड पाडलं, मग स्वतःच म्हणाले, "दे. नाहीतर जन्मभर मला ऐकवशील." मी मास्तरला म्हटलं, "लहानपणी माझी कंपासपेटी नेलीस ती परत दिली नाहीस. ही तरी नीट वापर." तो हसायला गेला आणि रडलाच.

ऑपरेशन झालं. मला शुद्ध आली तेव्हा नर्स म्हणाली, "तुमची किडनी टेबलावरच कामाला लागली." पठ्ठी माझीच शेवटी! दुसऱ्या दिवशी मला चाकांच्या खुर्चीत बसवून त्याच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. आत तो झोपलेला आणि पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी भरत आलेली. आयुष्यात मी कशाकडे इतक्या कौतुकानं बघितलं नसेल. कुणाला सांगायची सोय नाही, पण खरं आहे.

घरी सोडताना बाईंनी गोळ्या समजावल्या. "ही किडनी बहिणीची असली तरी तुमच्या कुत्र्यांना ती परकीच. ती तिच्यावर धावून जाणार. या गोळ्या म्हणजे साखळी. रोज, ठरल्या वेळेला, न चुकता."

"किती दिवस?" मास्तरनं विचारलं.

"कायम."

"कायम बांधून ठेवलेला कुत्रा पिसाळतो, बाई," तो म्हणाला.

बाई हसल्या, भावजय हसली, मीही हसले. गमतीतलं बोलणं वाटलं ते.

घरी आल्यावर काही दिवसांनी त्यानं माझ्याकडे माझी अंथरुणातली चादर मागितली. म्हटलं, "धुऊन देते." तर म्हणाला, "नको, आहे तशीच दे." डॉक्टर बाईंनी स्वच्छतेचा एवढा जप लावला होता, म्हणून मी वाद घातला, पण तो ऐकेना. उशाशी घेऊन झोपायला लागला. मला वाटलं, जीव आहे बहिणीवर. दुकानात ज्याला त्याला सांगत सुटले, माझा भाऊ माझी चादर उशाशी घेऊन झोपतो म्हणून. गणवेशाची मापं द्यायला आलेल्या बायांनासुद्धा सोडलं नाही.

पहिलं वर्ष छान गेलं. मग साखळीचे त्रास सुरू झाले. राखण झोपवली की चोर येणारच. बारीकसा खोकला झाला आणि त्याचा न्यूमोनिया झाला. बरा होतो न होतो तोच कमरेवर नागीण उठली, त्या वेदनेनं गुरासारखा ओरडायचा. तोंड कायम आलेलं. ओळखीपाळखीचे भेटायला यायचे आणि प्रत्येकाच्या हातात प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी असायचंच. कुणी काढा, कुणी चूर्ण, कुणी बाटली. अरे, याची शक्ती वाढली की किडनी गेली, हे किती जणांना समजावणार? मी सरळ हाकलून लावायला सुरुवात केली. एका बाईची बाटली तिच्यासमोर मोरीत ओतली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू. फाटकातून काय आत जातंय यावर माझा कडक पहारा होता.

पण सगळ्यात वाईट झालं ते त्याच्या हातांचं. त्या गोळ्यांनी त्याचे हात थरथरायला लागले. चहाची बशी खुळखुळ वाजायची. तुम्हाला वाटेल, थरथर म्हणजे काय एवढं. मास्तरला विचारा. तो म्हणायचा की माणसाच्या मनात काय आहे ते दोरीतून कुत्र्याला कळतं. दोरी थरथरली की कुत्र्याला वाटतं, माणूस घाबरलाय. मग तो तरी कशाला ऐकेल? एक कारखानदार नवा कुत्रा बघायला आला होता तेव्हा मी तिथेच होते. मास्तरनं दोरी हातात घेतली, 'बस' म्हणाला. कुत्रा बसला नाही. मास्तरच्या हाताकडे बघत मागे मागे सरकला आणि शेपूट पायात घालून आडवा झाला. कारखानदार भला माणूस होता, "येतो नंतर," म्हणाला. आला नाही. मास्तर बराच वेळ आपले हात मांडीखाली दाबून ओट्यावर बसून राहिला. भावजयीनं जेवायला हाक मारली तरी उठला नाही. डॉक्टर बाईंना सांगितलं तर त्यांनी गोळी थोडी कमी केली. "याच्याखाली मी जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

आणि मग हळूहळू तो सुधारायला लागला. हात स्थिर झाले. तोंड बरं झालं. खोकला नाही, ताप नाही. पुन्हा आवारात शीळ घालत फिरू लागला, माझी टिंगल करू लागला. मी म्हटलं, लागली गाडी रुळाला. तपासणीला जायचा तेव्हा सगळं ठीक यायचं. तेव्हाच त्यानं एक पिल्लू आणलं, काळं, एका कानाला पांढरा डाग असलेलं. त्याचं नाव ठेवलं पठ्ठ्या. हे कुणाला द्यायचं नाही, हे घरचं, म्हणाला. ते दिवस आठवले की आता मला स्वतःच्याच आनंदाची चीड येते.

पुढच्या तपासणीत किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा चढलेला निघाला. बाईंनी दाखल करून घेतलं, पाठीवर झोपवून पोटातून सुई घातली आणि माझ्या किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. संध्याकाळी त्या खोलीत आल्या. मी, भावजय, मास्तर. बाई उभ्याच राहिल्या.

"पेशींनी किडनीवर हल्ला केलाय," त्या म्हणाल्या. "आजचा नाही. बरेच महिने चालू असणार. मास्तर, गोळ्या घेता ना?"

मला वाटलं, हा आता भडकणार. तो खाली बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि जे सांगितलं ते शरमेनं नाही सांगितलं. गिऱ्हाइकाला आपली पद्धत समजावून सांगावी तसं सांगितलं.

"रोज वीतभर सैल केली, बाई. एकदम नाही सोडली. आधी संध्याकाळची अर्धी गोळी बंद. काही झालं नाही. मग पूर्ण. मग सकाळची अर्धी. मध्ये मध्ये थांबत होतो. परक्या माणसाशी ओळख करून द्यायची तर अशीच द्यावी लागते. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला कुणाची ओळख कशी होणार? आणि ती आवरणारी, आजी, तीही तुमच्या गोळ्यांनी झोपलेली. ती जागी झाली असती तर तिनं बाकीच्यांना गप्प केलं असतं."

"पण तपासणीत रक्तातलं औषध बरोबर दिसायचं," बाई म्हणाल्या.

"तपासणीच्या आधी पूर्ण घ्यायचो. दाखवायच्या दिवशी कुत्रा चांगला दाखवावाच लागतो."

बाई हळूच पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला कळलं की आमची पहिली भेट त्यांना आठवत होती, ती कुत्री, आणि नंतरची ती साखळी. मला वाटलं, ओरडून म्हणावं, कशाला दिलंत ते उदाहरण? पेशी म्हणजे पेशी आणि गोळी म्हणजे गोळी, एवढं सांगून गप्प बसला असतात तर? पण त्या बिचारीनं त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं. आणि त्याला ते कळलं. नको इतकं कळलं.

"आणि गुरगुरलं की मी लगेच आवळणार होतो," मास्तर म्हणाला. आता त्याचा आवाज फाटला. "रोज सकाळी बघत होतो. ताप येतो का, दुखतं का, सूज येते का. रोज. एकदाही गुरगुरली नाहीत, बाई. असा कुत्रा मी बघितला नाही कधी."

"या पेशी पुष्कळदा गुरगुरत नाहीत," बाई म्हणाल्या. "ते सांगायचं माझ्याकडून राहिलं."

तेव्हा मला ती चादर आठवली. मी विचारलं, "माझी चादर कशाला नेली होतीस तू?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "पहिल्यांदा वास द्यायचा असतो," म्हणाला. मग ओशाळं हसला. "मला माहितेय गं, पेशींना नाक नसतं. पण पद्धत म्हणून..."

मी उठले आणि बाहेर गेले. जिन्यात बसून पदर तोंडात कोंबून रडले. मला राग किती आला होता म्हणून सांगू! माझ्या अंगातला तुकडा काढून दिला होता मी याला. काढा घेऊन येणाऱ्या बायांशी वैर घेतलं. आणि हा मास्तर, हा दीडशहाणा, घरात बसून रोज वीत वीत दोरी सोडत होता. पण तेवढ्या रागातही एक गोष्ट कळत होती, तेच तर जास्त लागत होतं. त्याला माझी किडनी घालवायची नव्हती. तिला घरची करून घ्यायची होती. सून आणतात तशी.

मग मोठी इंजेक्शनं झाली, यंत्रातून रक्त धुऊन काढलं, काय काय केलं. किडनी वाचली नाही. मी बाईंना एकदा एकटीनं गाठून विचारलं, "ती मला परत बसवता येईल का हो? माझ्या अंगात तरी जगेल." मला माहीत होतं की हा वेड्यासारखा प्रश्न आहे. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि नाही म्हणाल्या.

दुसरी किडनी? तेही विचारून झालं. भावजय म्हणाली, "माझी कुणा दुसऱ्याला द्या आणि त्याच्या घरच्यांची ह्यांना द्या, अशी अदलाबदल करतात ना?" करतात. पण मास्तरचं रक्त तपासलं तर बाईंनी कागद उलटा ठेवला. "या पेशींना एकदा कुणी परका कळला की त्या विसरत नाहीत," त्या म्हणाल्या. "लस एकदा टोचली की वर्षानुवर्षं पुरते, ती याच आठवणीवर. आता त्यांच्या रक्तात परक्या किडनीविरुद्ध इतकं काही तयार झालंय की बहुतेक कुणाचीही दिली तरी ते पहिल्याच दिवशी तिचा फडशा पाडेल. यादीत नाव घालते. पण खोटी आशा लावत नाही."

मास्तरला हे समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "एकदा माणसाला चावलेला कुत्रा मीही परत राखणीला देत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता तो डायलिसिसवर आहे. दिवसाआड दवाखाना, तिथे तासन्‌तास खुर्चीत, शेजारी गरगर फिरणारं यंत्र. घरी येतो तेव्हा धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा दिसतो. पाणी मोजून प्यायचं. हाताच्या शिरा सुया टोचून दोरखंडासारख्या फुगल्यात. एक ओरखडा नसलेले हात होते ते! कुत्री एकेक करून गेली. काही विकली, बाद झालेली लोकांना दिली. आजी म्हातारपणानं गेली. ती गेली त्या दिवशी मास्तर दवाखान्यात होता. भावजयीनं आणि मी मिळून खड्डा खणला. भावजयीची अजून माझ्याजवळ एक तक्रार नाही. फक्त उशांचे अभ्रे रोज धुते. त्याच्या अंगाला हल्ली वेगळा वास येतो, उग्र, अमोनियासारखा. रक्तात जे साठतं त्याचा. ती कधी बोलून दाखवत नाही. ज्या बाईला कुत्र्यांच्या आवाराचा वास येत नाही, तिला हा येतो.

परवा मी त्याला दवाखान्यातून घेऊन आले. ऊन उतरलं होतं. रिक्षातून उतरवला, खांद्याला धरून फाटकापाशी आणला. आवारात आता एकच कुत्रा उरलाय, पठ्ठ्या. पिल्लू होता तेव्हा मास्तरच्या हातचं खाऊन वाढला, त्याच्या शर्टावर झोपला. आता चांगला दांडगा झालाय. आम्हाला बघून धावत आला आणि फाटकाच्या आतल्या बाजूला एकदम थबकला. नाक वर केलं. मानेवरचे केस उभे राहिले. आणि मास्तरकडे बघून गुरगुरला.

मी म्हटलं, "मेल्या, आंधळा झालास का?" आणि चप्पल काढली.

मास्तरनं माझा हात धरला. "मारू नकोस," म्हणाला. पठ्ठ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू होतं. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. "शाबास," तो कुत्र्याला म्हणाला. "असं सांगावं माणसाला."

मग त्यानं तिथेच उभ्या उभ्या अंगातला शर्ट काढला. बटणं सुटेनात, ती मी सोडली. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालाय. पोटावरचा तो ऑपरेशनचा व्रण, आणि त्याच्याखाली माझी मेलेली किडनी, अजून तिथेच आहे, काढलेली नाही. शर्ट त्यानं फाटकाच्या सळ्यांमधून आत सरकवला आणि बाहेरच्या दगडावर बसला.

"थांबूया थोडं," म्हणाला. "ओळख पटायला वेळ लागतो."

पठ्ठ्यानं शर्ट लांबूनच हुंगला आणि मागे सरला. आम्ही बसून राहिलो. भावजयीनं आतून दिवा लावला आणि विचारलं, फाटक उघडू का म्हणून. मास्तर पठ्ठ्याकडेच बघत होता. शेवटी मीच म्हटलं, "त्याला आधी बांध, मग उघड."